‘रक्तातच आहे’ म्हणण्याआधी

(मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

मघाशी एका चिमुरडीचं नाट्यगीत रंगलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ‘रक्तातच आहे हो!’ कौतुकाचंच वाक्य. पण मी पडलो बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. आमच्या गावाचा इतिहास ते वाक्य सहजासहजी पचू देत नाही.

१८७५ साली इंग्रजांनी बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून उतरवलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला तो नाशिककडच्या कवळाण्याचा, शेतकऱ्याघरचा बारा वर्षांचा गोपाळ. तोच पुढे सयाजीराव. ज्याच्या वाट्याला तोवर शाळा आली नव्हती, त्यानं १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जिंकली ना परिस्थिती? थांबा. मुलाचा शोध झाला तो गायकवाडांच्या भाऊबंदांतच. म्हणजे रक्त आधी पाहिलं गेलं. आणि वाडा, उत्तम शिक्षक इतर संस्थानांतल्या राजपुत्रांनाही मिळाले होते. सगळेच काही सयाजीराव झाले नाहीत.

याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडन, आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोदा. गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, तर लाठ्या घेतलेल्या टोळक्यानं तिथूनही बाहेर काढलं. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत. कवळाण्याच्या मुलाचा जन्म एका दत्तकविधीनं बदलून घेता आला. या माणसाचा जन्म दोन विद्यापीठांनीही कुणाच्या डोळ्यांवरून पुसला गेला नाही. हे जीवशास्त्र नव्हे. समाजानं स्वतः लिहायचं आणि खाली निसर्गाची सही ठोकायची, असला तो दस्तऐवज. ‘यांच्या रक्तातच आहे’ची दुसरी बाजू ‘त्यांच्या रक्तातच नाही’ ही असते, म्हणून मी या वाक्याला बिचकतो.

मग रक्ताला काहीच अर्थ नाही? आहे की. योगायोग बघा, त्याच १८७५ मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी आनुवंशिकता तपासायला जुळ्यांचा अभ्यास मांडला. २०१५ मध्ये जगभरच्या अशा अभ्यासांची बेरीज झाली, जुळ्यांच्या सुमारे १.४५ कोटी जोड्यांची. आनुवंशिकतेचा सरासरी वाटा निघाला ४९ टक्के. लोक लगेच म्हणाले, निम्मं आईबापांचं, निम्मं शाळेचं! तसं नाही. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे, एका माणसाच्या वाटणीबद्दल नाही. आमच्या सेव-उसळीत सेव किती नि उसळ किती, वजन करून सांगता येईल. चव कुणामुळे किती, ते कसं सांगणार? उंची तर बरीचशी आनुवंशिक. तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटीमीटरनं वाढली. एवढ्यात जनुकं कुठली बदलायला! ताटातलं अन्न बदललं, आजारपणं कमी झाली.

आता तुमच्या घरची गोष्ट. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक नेमका कळला. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेना. कान जन्मतः सगळ्या जगाचा असतो, पाळण्याभोवतीची माणसं तो आपल्यापुरता करून घेतात. पुढे २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळं ते ध्वनी शिकली. तेच पडद्यावर दाखवलं तर नाही.

तेव्हा बाळासमोर मराठी कार्टून लावून मोकळं होऊ नका. मंडळाचा बालवर्ग दर रविवारी भरतो, पण तो चार वर्षांपुढच्यांसाठी. रांगणाऱ्यांसाठीही एक सतरंजी घाला. इथं सहा-सहा महिने राहायला आलेल्या, दुपारी घरात एकट्या बसणाऱ्या आज्या आहेत. त्यांना तिथं बसवा. न्यायला-आणायला गाडी कुणाची, तेवढं आज जेवणाआधी ठरवून टाकू.