बाग तयार होत असताना

सांगलीत नव्या गृहसंकुलांभोवती, शाळांच्या आवारात आणि कारखान्यांच्या प्रवेशद्वारांशी बागा तयार करण्याची कामे सुरू असतात. हिरवळ अंथरून झाली की बाग सर्वांच्या नजरेत भरते. परंतु ती तयार होत असताना माळी आणि मजूर ज्या जागेत दिवसभर वावरतात, त्या जागेची विचारपूस सहसा होत नाही.

या परिसरात आधी जमीन ओळखावी लागते. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. त्यामुळे पाण्याच्या निचऱ्यासाठी खणलेला चर सकाळी भक्कम दिसला, तरी रात्री एखादी जोरदार सर येऊन गेली की त्याच्या कडा ढासळू शकतात. भारतीय मानक ३७६४ नुसार १.५ मीटरपेक्षा खोल चराच्या भिंतींना आधार देणे आवश्यक आहे. बागेतले बहुतेक चर इतके खोल नसतात, आणि त्यामुळेच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. उपसलेली माती पुन्हा लोटायला सोपी म्हणून काठावरच टाकली जाते. तिच्या भाराने काठ खचतो, आणि संध्याकाळी अंगणात खेळायला आलेल्या मुलांना त्या ढिगामागचा खड्डा दिसत नाही. माती काठापासून दूर टाकावी आणि उघडा चर दोरी बांधून, येण्याजाण्याच्या वाटेवर मजबूत फळी टाकूनच सोडावा.

छाटलेल्या फांद्यांचा ढीग चार दिवस पडून राहिला की त्यात उंदीर येतात आणि त्यांच्या मागावर नाग किंवा घोणसही येऊ शकते. असा ढीग उचलताना हातमोजे आणि बूट हवेतच. बोगनवेलीचा काटा किंवा गंजलेली तार लागली, तर धनुर्वाताच्या लसीविषयी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. ढीग पेटवून देणे हा त्यावरचा उपाय मुळीच नव्हे, कारण २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. पालापाचोळ्याचे तिथेच खत होऊ शकते. रोपांच्या काळ्या पिशव्या मात्र त्याच दिवशी गोळा कराव्यात, कारण त्यांत साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतात.

गवत कापण्याच्या यंत्राचे पाते खडे आणि तारेचे तुकडे गोळीच्या वेगाने उडवते, म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी जागा झाडून घेणे हाच सुरक्षेचा पहिला उपाय आहे. चालवणाऱ्याने चष्मा लावावा आणि इतरांनी किमान १५ मीटर लांब राहावे. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषाची तीव्रता सांगतो. ते औषध पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची पद्धत अतिशय घातक असून ती ताबडतोब थांबली पाहिजे.

हे सारे मजुरांना ठाऊक नसते असे नाही. अंदाजपत्रकात रोपे, माती, खत आणि लावणीची मजुरी असते, सफाईचा वेळ मात्र धरलेला नसतो. मग दिवस मावळताना अवजारे जिथल्या तिथे टाकून माणसे घरी जातात. दाताळी, पहारी, कोयते मोजून खोलीत ठेवणे, फांद्या हलवणे आणि चर झाकणे यांसाठी दिवसाचा शेवटचा अर्धा तास राखून ठेवावा, त्याची मजुरी द्यावी आणि काम देणाऱ्याने ही अट करारातच लिहून घ्यावी.