गप्प राहणाऱ्या नायिका

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या जर्मन कथेतली स्त्री कशी आहे, हे सांगायचं तर सुरुवात युडिट हेरमान यांच्यापासून करावी लागते. १९९८ साली बर्लिनच्या या लेखिकेचा पहिला कथासंग्रह आला आणि तो भरपूर वाचला गेला. पुढच्याच वर्षी ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकात समीक्षक फोल्कर हागे यांनी त्या पिढीतल्या तरुण लेखिकांना मिळून ‘फ्रॉइलाइनवुंडर’, म्हणजे ‘तरुणींची किमया’, असं बिरुद लावलं. कौतुकच होतं ते, पण त्यामुळे चर्चा लेखिकांच्या वयाकडे आणि छायाचित्रांकडे वळली. कथा बाजूलाच राहिल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

याच संग्रहात ‘सोन्या’ नावाची कथा आहे. हँबर्गहून बर्लिनला येणाऱ्या गाडीत एका चित्रकाराला सोन्या भेटते. ती फारसं बोलत नाही. पुढे एके दिवशी मात्र ती सरळ सांगून टाकते, की आपल्या दोघांचं लग्न होणार आहे. त्याला हसू येतं. त्याची वेरेना नावाची मैत्रीण आहे, आणि तो तिच्याशीच लग्न करायचं ठरवतो. मग सोन्या नाहीशी होते, आणि हा तिला शोधत राहतो.

सगळी कथा त्या पुरुषाच्या तोंडून येते. सोन्याच्या मनात काय चाललंय, हे तो शेवटपर्यंत सांगू शकत नाही, कारण त्याला ते कळलेलंच नाही. हेरमान यांच्या नायिका निष्क्रिय आहेत, नुसत्या वाट बघत बसतात, असा आक्षेप अनेकांनी घेतला. मला तो मुळीच पटत नाही. सोन्या गप्प असते, पण काय हवंय ते मोजक्या शब्दांत सांगून मोकळी होते. गोंधळ उडतो तो बघणाऱ्याचा.

टेरेझिया मोरा यांची नायिका वेगळ्या मातीतली. मोरा हंगेरीतल्या शोप्रोनच्या, ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या. त्यांना १९९९ साली ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टचा बाखमान पुरस्कार, म्हणजे जर्मन भाषेतल्या लेखनाचा एक मानाचा पुरस्कार, मिळाला, तो ‘ओफेलिया प्रकरण’ या कथेसाठी. गावच्या जलतरण तलावात पोहणारी एक मुलगी. तिचं घर परक्या भाषेचं, म्हणून गाव तिला आपली मानत नाही. एक मुलगा तिला पाण्याखाली दाबून धरतो. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’मधली ओफेलिया बुडाली. ही बुडत नाही, तिला पोहता येतं! तिच्यावर दया करायला लेखिका आपल्याला एक क्षणही देत नाही.

२०१६ साली तोच पुरस्कार शॅरन डोडुआ ओटू यांना मिळाला. त्यांच्या कथेत एक वयस्कर इंजिनिअर न्याहारीला बसतो, आणि साडेसात मिनिटं उकळलेलं अंडं मऊच निघतं. मधेच ते अंडंच बोलायला लागतं. घरात बायको इर्मी आहे, साफसफाईला येणारी आडा आहे. त्या माणसाच्या शिस्तीभोवती या दोघींचे दिवस कसे बेतलेले आहेत, ते एका जेवणाच्या टेबलावर दिसतं.

वाचायचं असेल तर ‘सोन्या’पासून सुरुवात करा. एकदा नेहमीसारखी वाचा. दुसऱ्यांदा वाचताना त्या चित्रकाराची मतं सोडून द्या, फक्त सोन्या काय बोलते आणि काय करते तेवढंच बघा.

नमस्कार.