रात्रीचा राजा, झोपेतलं भान

[दृश्य: कुडाळ तालुक्यातल्या एका देवळाची जत्रा. रात्रीचे अडीच. दशावतार रंगलाय.]

पखवाज चढलाय. राळ उडाली आणि लोकांमधूनच ओरडत राक्षस आत शिरला. पुढे बसलेला एक पोरगा झोपेतून दचकला, आजोबांच्या कुशीत तोंड खुपसून बसला. आजोबा त्याच्या कानाशी लागले. "भियेव नको रे. आवाज वळखलंस मा तेचो?"

पोरानं कान दिला. एक डोळा उघडला. राक्षस तोच, आरोळी तीच. पण हा तर परवा आपल्या माडावर चढलेला काका! पोरगा आता थोडा घाबरून, थोडा हसून बघतोय.

साधं स्वप्न आणि 'ल्युसिड ड्रीम' यांच्यातलं अंतर एवढंच आहे. समोरचं काही बदलत नाही. बघणाऱ्याला कळतं, की हे स्वप्न आहे.

[दृश्य: बाकडं. त्यावर गॅसबत्तीचा उजेड.]

दशावतारात नेपथ्य म्हणजे हे एक बाकडं. राजा बसला की सिंहासन, ऋषी चढला की डोंगर. कोणी हरकत घेत नाही. स्वप्नातही आपण हरकत घेत नाही. समजा, तुम्ही वेंगुर्ल्याच्या एसटीत बसलात. एसटी खाडीतून चाललीय. कंडक्टर म्हणून तुमची वारलेली आजी उभी आहे आणि तिकिटाचे पैसे फणसाच्या गऱ्यांत मागतेय. तुम्हाला काळजी कसली? तर सुट्टे गरे नाहीत याची! गाडी पाण्यात कशी, आजी परत कुठून आली, हे विचारायचं सुचतच नाही.

त्याला कारण आहे. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक झोपेच्या आरईएम टप्प्यात पडतात. या टप्प्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये हे जगापुढे मांडलं. या टप्प्यात भावनांशी जोडलेले मेंदूचे भाग जोरात चालू असतात. कपाळामागचा, शहानिशा करणारा भाग मात्र बराच मंदावलेला असतो. राक्षस हजर, आजोबा गैरहजर. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, त्याचं माहीत नाही. पण लक्षात राहतं ते बहुधा पहाटेचंच.

[दृश्य: हातातून निसटणारा काचेचा पेला, अतिशय संथ गतीत.]

'ल्युसिड ड्रीम' हे नाव रूढ केलं फ्रेडरिक व्हान एडन या डच लेखक-मनोविकारतज्ज्ञानं, 1913 साली. 1898 ते 1912 या काळात त्यानं स्वतःच्या अशा 352 स्वप्नांची नोंद ठेवली होती. त्यातलं एक मला फार आवडतं. स्वप्नात तो टेबलापाशी उभा आहे आणि आपण झोपेत आहोत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो प्रयोग करायचं ठरवतो: काच फोडून बघू. दगडानं मारतो, फुटत नाही. मग वाइनचा नाजूक पेला घेऊन त्यावर मूठ हाणतो. पेला शाबूत! थोड्या वेळानं पुन्हा बघतो, तर फुटलेला. व्हान एडन लिहितो की पेला फुटला खरा, पण जरा उशिरा, प्रवेश चुकलेल्या नटासारखा.

इथे जरा थांबू या, कारण इंटरनेटवर या विषयाचा पार बाजार झालाय. 'मनासारखं स्वप्न पाडा, आकाशात उडा' वगैरे. उडणारे उडतात, नाही असं नाही. पण ताबा ही वेगळी गोष्ट आणि भान ही वेगळी. व्हान एडनला पूर्ण भान होतं, तरी पेला त्याचं ऐकत नव्हता. उलट, साध्या स्वप्नातही माणूस उडतो. फक्त आपण स्वप्नात उडतोय हे त्याला माहीत नसतं. ल्युसिड ठरवायला भान पुरतं.

[दृश्य: मिटलेल्या पापण्या. खाली बुबुळ सरकतंय.]

आता कोणी म्हणेल, सकाळी उठून काय वाटेल ते सांगता येतं, पुरावा काय? शास्त्रज्ञही बराच काळ हेच म्हणत होते. आरईएम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडतात. हात हलवून खूण करावी, तर हात हलत नाही. डोळे मात्र मोकळे असतात. नेमकी हीच वाट ब्रिटिश संशोधक कीथ हर्न यांनी धरली. इंग्लंडमधलं हल, तेही तेव्हा आपल्या मालवणसारखं मासेमारीचं बंदर होतं. तिथल्या विद्यापीठात एप्रिल 1975 मध्ये ॲलन वर्स्ली नावाचा माणूस डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राच्या तारा लावून झोपला. ठरलं होतं की स्वप्नात भान आलं, की डोळे डावीकडे-उजवीकडे ठराविक वेळा फिरवायचे. यंत्राच्या कागदावर आरईएमच्या वेड्यावाकड्या रेघा चालल्या होत्या. मध्येच त्या नीटनेटक्या झाल्या. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. माणूस गाढ झोपेत, आणि आतून खूण! पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीव्हन लाबर्ज यांनी हर्न यांच्या कामाची माहिती नसताना हेच दाखवून दिलं.

2021 मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी पुढचं पाऊल टाकलं. झोपलेल्या माणसाला बाहेरून प्रश्न विचारला: आठातून सहा गेले, किती? डोळे दोनदा फिरले. म्हणजे दोन. दर वेळी असं झालं नाही. 158 वेळा विचारलं, बरोबर उत्तर आलं 29 वेळा, आणि निम्म्याहून जास्त वेळा आतून काहीच हालचाल नाही. तरी 29 थोडे नव्हेत.

असं स्वप्न निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना आयुष्यात एकदा तरी पडतं, असं पाहण्यांमधून दिसतं. मुद्दाम पाडायचं तर अभ्यास लागतो: रोज उठल्याबरोबर स्वप्न लिहिणं, दिवसातून चार वेळा स्वतःला 'मी जागा आहे ना?' असं विचारणं, पाटीवरची अक्षरं दोनदा वाचणं. स्वप्नात दुसऱ्या वाचनाला अक्षरं बहुधा बदललेली असतात. रात्री मुद्दाम उठून पुन्हा झोपायचीही एक पद्धत आहे. ज्याला पहाटे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावर मासळीचं जाळं ओढायला जायचंय, त्यानं या फंदात पडू नये. झोप आधीच कमी असते.

[दृश्य: पहाट. देवळामागे नट तोंडावरचा रंग खोबरेल तेलानं पुसतायत. चहाचे पेले.]

'रात्री राजा, सकाळी कपाळावर बोजा,' असं दशावतारी नटांबद्दल म्हणतात. रात्रभर राज्य केलेला माणूस आता पेटाऱ्यात मुकुट ठेवतोय. त्याला लेखी संहिता नसते. सगळे संवाद उभ्या-उभ्या सुचलेले. राज्य गेल्याच्या प्रवेशाला त्याच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं होतं, आम्ही जवळून बघितलं. म्हणून विचारलं, तेव्हा आपण राजा नाही हे ठाऊक असतं का?

"म्हायत आसता मा," तो कानामागचा रंग पुसत म्हणाला. "पन रडू येता ता खराच येता."

मग बाकडं उचलायला त्यानं पोराच्या आजोबांना हाक मारली.