कवटीचे चेहरे आणि एक भाषातज्ज्ञ

मित्रहो, परग्रहावरून कोणीतरी चाल करून येतं, ही कल्पना ब्रिटिश वाचकाला १८९८ पासून ओळखीची आहे. एच. जी. वेल्सनं मंगळवासी लंडनजवळच्या सरे परगण्यात उतरवले, आणि पुढच्या प्रत्येक पिढीनं त्या कथेत आपापली भीती भरली. आज मी बोलणार आहे ते 'इन्व्हेजन १९८४!' या चित्रकथेबद्दल. 'बॅटल' नावाच्या साप्ताहिकात ती १९८३ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपलीसुद्धा. लेखक जॉन वॅग्नर आणि अॅलन ग्रँट, चित्रकार एरिक ब्रॅडबरी.

'बॅटल' हे मुळात युद्धकथांचं साप्ताहिक. १९७५ मध्ये पॅट मिल्स आणि वॅग्नर यांनी ते उभं केलं. १९७९ पासून त्यात 'चार्लीज वॉर' येत होती. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांतला चिखल आणि पोरसवदा शिपायांचे मृत्यू त्या कथेनं काहीही न लपवता दाखवले. म्हणजे दर आठवड्याला सुट्टे पैसे घेऊन दुकानात जाणाऱ्या पोराला युद्ध म्हणजे नुसता पराक्रम नव्हे, हे आधीच कळलेलं होतं. अशा वाचकापुढे हे आक्रमक आले.

त्यांचे चेहरे कवटीसारखे. ब्रॅडबरी दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये होता, आणि त्याच्या हातात काळ्या शाईची विलक्षण ताकद होती. दाट सावल्या, तुटक रेषा, आणि त्या काळोखातून पुढे येणारे दात नि डोळ्यांच्या खोबणी. स्वस्तातल्या खरबरीत कागदावर छापूनही ते चित्र फिकं पडत नाही. मला विचाराल तर या कथेचा निम्मा जीव त्या शाईत आहे.

उरलेला निम्मा नायकात आहे. एड लोमॅक्स हा भाषातज्ज्ञ. त्याच्याबरोबर 'स्टॉर्म स्क्वॉड' ही लढाऊ तुकडी आहे, बंदुका आहेत, सगळं आहे. पण हे परग्रहवासी का आलेत, त्यांना हवंय काय, हेच कोणाला उमगत नाही. एरवी युद्धकथांतला जर्मन किंवा जपानी सैनिक दोन ठरावीक आरोळ्या ठोकून मरायचा. त्याचं म्हणणं समजून घ्यायची गरज कोणाला वाटत नसे. इथे मात्र ते समजून घेणं हाच जगण्याचा प्रश्न झाला. युद्धाच्या साप्ताहिकात अशा माणसाला मध्यभागी उभं करायला धाडस लागतं, आणि त्यासाठी मी या लेखकांना मनापासून मानतो.

आता ते साल बघा. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळावर अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं आली. अणुहल्ला झाला तर काय करायचं याची सरकारी पुस्तिका १९८० मध्येच निघाली होती. घरातली दारं काढून आतल्या भिंतीला तिरकी टेकवा, वर मातीनं भरलेल्या पिशव्या रचा आणि चौदा दिवस पुरेल एवढं अन्नपाणी साठवा, असं तिच्यात सांगितलं होतं. बारा वर्षांच्या मुलानं हे घरी ऐकलेलं असणार. त्याच्या हातातल्या कथेच्या नावात पुढच्याच वर्षाचा आकडा होता.

ती इतक्या लवकर का संपली, असं लोक विचारतात. या साप्ताहिकांची रीतच तशी होती. आवडत्या कथांची नावं वाचक कूपनवर लिहून पाठवत, आणि मागे पडलेल्या कथेची जागा दुसरी घेई. पण मला ही कथा अपुरी वाटत नाही. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत जग बुडवता येत नाही, कारण पुढच्या आठवड्यात ते पुन्हा लागतं. थोडक्यात आटपणाऱ्या कथेला ती मोकळीक असते.

२०१६ मध्ये रिबेलियन या प्रकाशनानं या जुन्या साप्ताहिकांचा मोठा साठा विकत घेतला, त्यामुळे आज ही कथा पुस्तकरूपात मिळते. वाचणार असाल तर एका बैठकीत संपवू नका. प्रत्येक भाग जेमतेम काही पानांचा. सुरुवातीला मागचा धागा जोडायचा, शेवटच्या चौकटीत जीव टांगणीला लावायचा, अशी त्याची बांधणी. सलग वाचलं की ते धक्के एकमेकांवर आदळून बोथट होतात. रोज एक भाग वाचा, आणि ब्रॅडबरीच्या काळ्या जागांकडे जरा थांबून बघा.