उत्तर नेमकं कोण देतंय?

(पडद्यावर: वायफायची खूण पूर्ण भरलेली. ब्राउझरमध्ये 'सर्व्हर सापडला नाही'.)

वायफाय जोडलेलं, राउटरचे दिवे हिरवे, आणि तरी एकही साइट उघडत नाही. अशा वेळी आधी १.१.१.१ या इंटरनेटवरच्या सार्वजनिक सर्व्हरला पिंग करून बघा, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवा. उत्तरं येत असतील तर लाइन ठणठणीत आहे. अडलंय ते नावावरून पत्ता शोधण्याचं काम, म्हणजे डीएनएस.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही व्यवस्था मांडली. त्याआधी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच सामायिक होस्ट्स फाइलमध्ये असायचे. तशी फाइल आजही आपल्या संगणकात असते, आणि तिच्यात कधीकाळी लिहिलेली एखादी ओळ त्या नावासाठी डीएनएसला विचारूच देत नाही. तेवढी बघून घ्या.

(पडद्यावर: टर्मिनल. एनएसलुकअपचं उत्तर, पहिली ओळ ठळक.)

समजा, घरातल्या छोट्या संगणकावर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर बसवलाय. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०. एनएसलुकअप, म्हणजे डीएनएसला नाव विचारणारी आज्ञा, चालवली की सगळ्यात वर 'सर्व्हर' आणि त्याचा पत्ता येतो. घाईत तो कुणी वाचत नाही, आणि निम्मी माहिती तिथेच असते. तिथे राउटरचा पत्ता दिसला, तर आपल्या सर्व्हरला कुणी विचारलेलंच नाही. राउटरच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये, नवा डीएनएस भरा आणि वायफाय तोडून पुन्हा जोडा. जुनी लीज, म्हणजे मुदतीवर मिळालेला पत्ता, नव्याने घेईपर्यंत यंत्रं जुनाच पत्ता धरून बसतात.

आता थेट १९२.१६८.१.१० लाच विचारा. टाइमआउट? मग सेवा बंद आहे, ती फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच यंत्राचं, ऐकतेय, किंवा फायरवॉलने डीएनएसचं ५३ क्रमांकाचं पोर्ट (दार) अडवलंय. हे पोर्ट यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडं लागतं. उबुंटू लिनक्सवर सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड ही त्याची स्वतःची डीएनएस सेवा आधीच ५३ वर बसलेली असते, म्हणून डीएनएसमास्क कधी कधी सुरूच होत नाही.

सगळ्यात चकवणारा प्रकार मात्र वेगळा. प्रिंटरचं नाव सकाळी सापडतं, दुपारी नाही. बहुतेक वेळा 'दुसरा डीएनएस' म्हणून, असू दे आपला, असं म्हणत ८.८.८.८ हा गूगलचा सर्व्हर भरलेला असतो, आणि त्याला घरातली नावं ठाऊक नसतात. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारतील, असा भरवसा नसतो. प्रत्येक यंत्राची रीत वेगळी. आणि बाहेरच्या सर्व्हरने 'असं नाव नाही' म्हटलं, की तेही उत्तरच ठरतं. यंत्र पुन्हा आपल्या सर्व्हरकडे वळत नाही. तो दुसरा रकाना रिकामा ठेवा, नाहीतर तिथे घरातलाच आणखी एक सर्व्हर द्या. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीतून राउटर स्वतःचा डीएनएस वाटतोय का आणि ब्राउझरचं 'सुरक्षित डीएनएस' चालू आहे का (तेव्हा ब्राउझर परस्पर बाहेरच्या सर्व्हरला विचारू शकतो), हेही पाहा.

(पडद्यावर: बोर्ड सुरू होतो. तारीख मागची.)

कधी उत्तर आपलाच सर्व्हर देतो, पण प्रत्येक नावाला 'सर्व्हफेल', म्हणजे 'उत्तर देता येत नाही'. अनबाउंडसारखा डीएनएस सर्व्हर डीएनएससेकच्या सह्या, म्हणजे उत्तर खरं असल्याची डिजिटल खूण, तपासतो, आणि सह्यांना मुदत असते. असा सर्व्हर बरेचदा ज्यावर चालतो त्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ मागे राहते आणि नव्या सह्या अवैध ठरतात. वेळ दुरुस्त करायला टाइम सर्व्हर हवा, त्याचं नाव शोधायला डीएनएस हवा, आणि डीएनएस वेळेवाचून अडलेला. यावर उपाय एका ओळीचा: एनटीपीच्या, म्हणजे वेळ जुळवण्याच्या, सेटिंगमध्ये नावाऐवजी टाइम सर्व्हरचा आयपी पत्ता लिहायचा.