प्रोबेट मालक ठरवत नाही

[दृश्य: मुलुंड चेकनाका, सकाळची वर्दळ]

निवेदन: हा मुलुंडचा चेकनाका. अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणे. दोन्हीकडे सारख्याच सोसायट्या, सारखेच फ्लॅट. पण आत्ता-आत्तापर्यंत या नाक्यावर वारसांचं नशीब बदलायचं. एखाद्या हिंदू गृहस्थाने ठाण्यात बसून ठाण्यातल्याच घराचं मृत्युपत्र केलं, तर मागच्यांना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, घेण्याची सक्ती नव्हती. तेच घर मुलुंडला असेल, तर उच्च न्यायालयाची पायरी चढणं आलंच.

ही रेघ आखली इंग्रजांनी. १ सप्टेंबर १८७० पासून लागू झालेल्या हिंदू विल्स अॅक्टने मुंबई शहर, मद्रास शहर आणि तेव्हाचा बंगालचा मुलूख यांना वेगळा नियम लावला. पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात तीच रेघ कलम ५७ म्हणून आली, आणि कलम २१३ ने तिला धार दिली: प्रोबेट नसेल, तर मृत्युपत्राच्या जोरावर कोर्टात हक्क सांगता येणार नाही. हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी यात सापडले. मुसलमान बाहेर होते. २००२ मध्ये ख्रिश्चनही सुटले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलम २१३ च काढून टाकलं. सक्ती संपली.

मात्र त्यावरून प्रोबेटच बंद झालं असं कुणी समजू नये. ज्याला हवं त्याला ते आजही मागता येतं, आणि पुष्कळांना मागावं लागेल. कारण सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा बँकेच्या मॅनेजरला एखादं मृत्युपत्र खरं की बनावट हे ठरवण्याचा अधिकारही नसतो आणि हौसही नसते. समोर दोन भाऊ दोन वेगवेगळी मृत्युपत्रं घेऊन उभे राहिले, तर तो बिचारा काय करणार? कोर्टातून या, म्हणणार.

[दृश्य: टेबलावर मृत्युपत्राचा नमुना, कॅमेरा जवळ जातो]

निवेदन: हा नमुन्याचा कागद बघा. साधा कागद आहे, स्टॅम्प नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक असते. तीन पानं आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या पानावर सही आहे, मधल्या पानावर नाही. आणि घर कुणाला, हे नेमकं मधल्या पानावर लिहिलंय. सही नाही एवढ्यानेच कागद बाद होत नाही, पण पान मागाहून बदललं का, हा प्रश्न पहिल्याच तारखेला येणार.

आता शेवटी खाली या. साक्षीदारांच्या दोन सह्या. कायद्याला किमान दोन साक्षीदार लागतात. दोघांनी एकाच वेळी हजर असायला हवं असं नाही. पण प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा 'ही माझीच सही' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही केलेली असावी. सगळं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं तरी यातून सूट नाही. या दोघांपैकी निदान एकाला पुढे कोर्टात सांगावं लागतं की होय, माझ्यासमोर झालं. दोघंही हयात नसतील तर हस्ताक्षर ओळखणारा माणूस शोधायचा. मृत्युपत्र करणाऱ्याच्याच वयाचे मित्र साक्षीला घेण्याची आपल्याकडे फार हौस. त्याची किंमत इथे मोजावी लागते.

[दृश्य: उच्च न्यायालयाची इमारत, जिना, फायलींचे गठ्ठे]

निवेदन: प्रोबेट मागू शकतो तो फक्त मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा माणूस. नेमलाच नसेल, तर मृत्युपत्र जोडून 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन', म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याची अधिकारपत्रं, मागायची. काम जवळपास तेच. मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही, असंही कायदा सांगतो. इतक्या घाईने कोणी तिथे पोचत असेल असं वाटत नाही.

अर्जात मृत्यूची तारीख, हे शेवटचं मृत्युपत्र असल्याचं कथन, मालमत्तेची यादी आणि तिची किंमत द्यायची. सोबत मूळ मृत्युपत्र. ते कोर्टात जमा होतं आणि तिथल्याच दप्तरात राहतं. घरी येते ती कोर्टाच्या शिक्क्याची प्रत. म्हणून देण्याआधी चांगल्या प्रती काढून ठेवाव्यात. बाकीच्या वारसांनी संमतीची प्रतिज्ञापत्रं दिली तर गाडी सरळ चालते. न देणाऱ्यांना नोटीस जाते, तिला कोर्टात सायटेशन म्हणतात. त्यांनी कॅव्हेट, म्हणजे लेखी हरकत, टाकलं, की अर्जाचा दावा होतो. मग साक्षी, उलटतपासणी, तारखा. महिन्यांचं काम वर्षांवर जातं.

[दृश्य: रिकामं कोर्टरूम, साक्षीदाराचा पिंजरा]

निवेदन: एवढं सगळं करून कोर्ट ठरवतं काय? फक्त एक गोष्ट: हा कागद त्या माणसाचा, शुद्धीत असताना, स्वखुशीने केलेला आणि रीतसर सह्या झालेला शेवटचा कागद आहे की नाही. घर त्याच्या मालकीचं होतं का, हे ठरवत नाही.

इथेच घराघरांत गोंधळ होतो. समजा, वडिलांनी धाकट्याला घर लिहून दिलं. थोरल्याचं म्हणणं, घर आजोबांचं, वडिलोपार्जित. वडिलांना ते सगळं देण्याचा हक्कच नव्हता. म्हणणं बरोबर असेलही, पण त्याची जागा प्रोबेट कोर्ट नव्हे. वारस म्हणून त्याला हरकत घेता येते, पण ती कागदाबद्दल. मालकीसाठी वेगळा दिवाणी दावा. प्रियंवदा बिर्ला यांच्या मृत्युपत्रावरून गाजलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं: मालमत्ता मृत व्यक्तीची नव्हतीच, एवढंच ज्याचं म्हणणं आहे त्याला प्रोबेटच्या कामात कॅव्हेट टाकायचा हक्क नाही. उलट बाजूनेही हे लागू. धाकट्याने प्रोबेट मिळवलं म्हणून घर त्याच्या खिशात पडलं, असं होत नाही.

कागदाच्या खरेपणावर मात्र प्रोबेटचा शब्द शेवटचा. तो साऱ्या जगाला बांधतो, खटल्यात नसलेल्यांनाही. म्हणूनच कोर्ट इतकं चिकित्सक असतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी सर्वोच्च न्यायालयात याची कसोटी घालून दिली आणि आजही तिचाच दाखला दिला जातो. मृत्युपत्र इतर कागदांसारखंच सिद्ध करायचं, पण एक फरक आहे: ते लिहिणारा 'हे माझं' म्हणायला येऊ शकत नाही. सही थरथरती, माणूस अंथरुणाला खिळलेला, सख्ख्या मुलीला कारण न देता वगळलेलं, आणि ज्याला सगळं मिळालं तोच वकील गाठण्यापासून साक्षीदार जमवण्यापर्यंत पुढे, अशा शंका असतील तर त्या मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच दूर करायच्या. गणितासारखा पुरावा कोणी मागत नाही. सुज्ञ माणसाचं समाधान व्हायला हवं.

[दृश्य: शेअर्सचा अर्ज, 'नॉमिनी' हा रकाना]

निवेदन: 'नॉमिनी लावलाय, आता कशाला मृत्युपत्र?' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये याला उत्तर दिलं: नॉमिनी मालक होत नाही. पैसे त्याच्या हाती येतात, ते खऱ्या वारसांसाठी. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनी हा तात्पुरता सभासद. कायम सभासद व्हायचं ते मृत्युपत्र, वारसाचा दाखला किंवा घरच्यांनी आपसात केलेला करार दाखवून. मृत्युपत्रच नसेल, तर बँकेतल्या ठेवी आणि शेअर्ससाठी सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे ते ताब्यात घ्यायचं कोर्टाचं प्रमाणपत्र, मिळतं. जमीनजुमल्यासाठी ते चालत नाही.

[दृश्य: शिक्का मारलेली प्रत, हिशेबाची वही]

निवेदन: प्रोबेट हातात आलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. एक्झिक्युटरचं खरं काम तिथून सुरू होतं. सहा महिन्यांत मालमत्तेची आणि कर्जाची पूर्ण यादी कोर्टाला द्यायची, वर्षाच्या आत हिशेब. आधी अंत्यविधीचा खर्च, देणेकऱ्यांची देणी, आणि उरेल ते मृत्युपत्राप्रमाणे वाटायचं. यादी आणि हिशेब जाणूनबुजून टाळला, तर याच कारणावरून मिळालेलं प्रोबेट रद्दही होऊ शकतं.