काच आणि खुर्ची

(दृश्य: न्यूयॉर्क. पहाटेचा अंधार. रॉकफेलर प्लाझाच्या कोपऱ्यावर उजळलेला काचेचा स्टुडिओ. बाहेर लोकरी टोप्या घातलेली माणसं.)

सात वाजायला अजून अवकाश आहे, पण माणसं जमलेली आहेत. हातात घरून रंगवून आणलेले फलक. कुणाचा वाढदिवस आहे, कुणाच्या लग्नाला चाळीस वर्षं झालीत, कुणाला लांब राहणाऱ्या आईला नुसतं दिसायचंय. काचेपलीकडे दिवे लागतात, कॅमेरा रस्त्याच्या दिशेने वळतो आणि एनबीसी या अमेरिकन नेटवर्कचा 'टुडे' सुरू होतो.

हा कार्यक्रम पहिल्यांदा प्रक्षेपित झाला तो १४ जानेवारी १९५२ ला. सकाळी उठल्या उठल्या टीव्ही लावायचा, ही कल्पनाच तेव्हा लोकांना पटत नव्हती. टीव्ही म्हणजे संध्याकाळ. जेवणं आटोपली की दिवा मंद करून बघायची गोष्ट. सकाळी दात घासायचे, मुलांना शाळेत धाडायचं, कामाची गाडी गाठायची. त्यात पडद्यासमोर बसणार कोण?

एनबीसीचे सिल्व्हेस्टर वीव्हर यांना सगळे पॅट म्हणत. त्यांचं उत्तर साधं होतं: बसूच नका. दाढी करता करता ऐका, चहा-कॉफी ओतता ओतता एक नजर टाका. कार्यक्रम असा रचू, की पाठ फिरवली तरी कळेल. म्हणून दर थोड्या वेळाने बातम्या, वारंवार हवामान, वारंवार घड्याळाची वेळ. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण जगभरच्या सकाळच्या कार्यक्रमांनी पुढे हाच साचा उचलला.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. पहिला सेट. भिंतीवर ओळीने घड्याळं.)

हा पहिला सेट नीट बघा. ४९ व्या रस्त्यावरचं आरसीए कंपनीचं प्रदर्शन दालन आहे हे. भिंतीवर जगातल्या वेगवेगळ्या शहरांची वेळ दाखवणारी घड्याळं, टेलिप्रिंटर, टेलिफोन, वर्तमानपत्रं. आज वृत्तवाहिनीच्या न्यूजरूमचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, त्याच्या जवळपास जाणारं हे दृश्य आहे, तेही सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीचं. आणि समोर रस्त्याला लागून मोठी काच. जाणारे-येणारे थांबून आत डोकावत. कार्यक्रम त्यांना बघे, ते कार्यक्रमाला.

या सगळ्या यंत्रांच्या मधून सावकाश फिरणारा माणूस म्हणजे डेव्ह गॅरोवे. जाड काड्यांचा चष्मा, गळ्याला बो टाय. रेडिओवर कमावलेला आवाज, आणि तो कधीच चढायचा नाही. समोर लाखो माणसं आहेत असं न बोलता, शेजारच्या खुर्चीतल्या एकट्या माणसाशी बोलावं तसा तो बोले. निरोप घेताना तळहात उंचावून एकच शब्द: शांती. दुसरं महायुद्ध संपून सात वर्षंही झाली नव्हती, कोरियात युद्ध चालू होतं. त्या काळात रोज सकाळी हा शब्द घराघरांत पोचत होता, हे मला त्या सेटवरच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोठं वाटतं.

टीकाकारांना मात्र कार्यक्रम आवडला नाही. जाहिरातदारही फिरकेनात. तो तरला तो एका चिंपांझीमुळे.

जे. फ्रेड मग्ज हे त्याचं नाव. १९५३ मध्ये तो गॅरोवेच्या शेजारी येऊन बसला. त्याला बघायला मुलांनी टीव्ही लावला, मुलांच्या मागे आईवडील आले आणि त्यांच्या मागोमाग जाहिराती. त्याच वर्षी एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या प्रक्षेपणातही मग्ज दिसला, तेव्हा ब्रिटनमध्ये संतापाची लाट उठली. टीव्ही जाहिरातदारांच्या हाती गेला की काय होतं, याचा दाखला म्हणून जाहिरातींवर चालणाऱ्या टीव्हीबद्दलच्या तिथल्या चर्चेत हा प्रसंग पुढे आला. मग्ज १९५७ पर्यंत कार्यक्रमात होता.

(दृश्य: सेटवरच्या टेबलामागे बसलेल्या निवेदकांची छायाचित्रं, एकामागून एक.)

आता काचेवरून नजर काढून खुर्च्यांकडे वळू. कोण मध्ये बसलंय, कोण कडेला?

गॅरोवे मध्ये. बाजूला जॅक लेस्कुली, बातम्यांना फ्रँक ब्लेअर. आणि एक स्त्री. तिला अधिकृतपणे म्हणत 'टुडे गर्ल'. हवामान सांगायचं, हलकेफुलके विषय घ्यायचे, हसतमुख राहायचं. एस्टेल पार्सन्स, ली मेरिवेदर, हेलन ओकॉनेल, बेट्सी पामर, फ्लॉरेन्स हेंडरसन अशा अनेकजणी या जागेवर येऊन गेल्या. यातल्या पार्सन्सना पुढे अभिनयासाठी ऑस्कर मिळालं. म्हणजे गुणी माणसं नव्हती असं नाही. जागाच तेवढीशी होती.

१९६१ मध्ये गॅरोवे कार्यक्रम सोडून गेले. त्याच वर्षी पडद्यामागे एक लेखिका कामाला लागली: बार्बरा वॉल्टर्स.

१९६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी भारत आणि पाकिस्तानच्या दौऱ्यावर आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या वार्ताहरांत वॉल्टर्स होत्या. तिथून त्या हळूहळू पडद्यावर आल्या. ह्यू डाउन्स तेव्हा मुख्य निवेदक होते, शांत, वाचणारे, आणि त्यांनी वॉल्टर्सना पाठिंबा दिला. 'टुडे गर्ल' हे बिरुद मागे पडलं. पण मुख्य निवेदकाची बरोबरी? ती नाही.

१९७१ मध्ये डाउन्स गेले आणि फ्रँक मॅगी आले. बातमीदारीतला दांडगा अनुभव असलेले पत्रकार. आणि इथे सेटवर एक नियम आला. वॉशिंग्टनहून कुणी महत्त्वाची व्यक्ती मुलाखतीला आली, तर पहिले तीन प्रश्न मॅगी विचारतील. चौथ्यापासून वॉल्टर्स.

पहिले तीन! मुलाखत घेणाऱ्या कुणालाही विचारा, तीन प्रश्नांत काय काय होऊन जातं. पाहुण्याला जे सांगायचं असतं ते तो सांगून मोकळा होतो, वेळ संपत येते, आणि उरतं ते आभार मानण्यापुरतं. वॉल्टर्सनी यातून वाट काढली. नियम स्टुडिओपुरता होता ना? मग त्या स्टुडिओबाहेर पडल्या. स्वतः पत्रं लिहून, फोन करून लोकांच्या वेळा मिळवल्या आणि त्यांच्याच जागी जाऊन मुलाखती घेतल्या. पुढे सगळ्या जगाने ओळखली ती वॉल्टर्स यांची मुलाखत या बंदीतून घडली.

करारात त्यांनी एक कलम घालून घेतलं होतं: मॅगी गेले, तर त्यांना सहनिवेदकाचं पद मिळेल. मॅगी इतक्यात जातील असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण ते आजारी होते, आणि एप्रिल १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं. कलम लागू झालं. कार्यक्रम सुरू होऊन बावीस वर्षं झाली होती, आणि 'टुडे'ला पहिल्यांदा अधिकृत स्त्री सहनिवेदक मिळाली. दोन वर्षांनी त्या एबीसी या प्रतिस्पर्धी नेटवर्ककडे गेल्या, संध्याकाळच्या बातम्यांना, वर्षाला दहा लाख डॉलर्सवर.

(दृश्य: रंगीत चित्रण. जुने आणि नवे सेट.)

या मधल्या काळात काचेचं काय झालं? १९५८ मध्ये कार्यक्रम रस्त्यावरून उठून इमारतीच्या पोटातल्या स्टुडिओत गेला. १९६२ ला पुन्हा रस्त्यालगत आला, फ्लोरिडाच्या पर्यटनाची जाहिरात करणाऱ्या एका दालनात. रोज तिथलं फ्लोरिडाचं सामान हलवायचं, कार्यक्रम करायचा, मग सामान परत लावायचं. १९६५ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं तेव्हा 'टुडे' परत आत गेला, आणि या खेपेला जवळजवळ तीस वर्षांसाठी.

बंद स्टुडिओत टेबल असतं आणि टेबलामागे माणसं असतात. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये एबीसीने 'गुड मॉर्निंग अमेरिका' सुरू केला तो घराच्या बैठकीसारख्या सेटवर, आणि निवेदक म्हणून आणला डेव्हिड हार्टमन हा अभिनेता. त्यापुढे 'टुडे'चं टेबल एकदम कचेरीसारखं दिसू लागलं. 'टुडे'ने १९७६ मध्ये टॉम ब्रोकॉ यांना आणलं. निवेदकांनीच जाहिराती वाचायची जुनी रीत होती, ती आपण पाळणार नाही, ही त्यांची अट. मला ती योग्य वाटते. ज्या तोंडाने राष्ट्राध्यक्षांना जाब विचारायचा, त्याच तोंडाने कुत्र्याच्या खाण्याचं कौतुक कसं करायचं? त्याच वर्षी जेन पॉली आल्या, वय २५. १९८० मध्ये हवामानाला विलर्ड स्कॉट आले. वयाची शंभरी गाठलेल्या आजी-आजोबांना पडद्यावरून शुभेच्छा द्यायची त्यांची प्रथा देशभर लाडकी झाली. १९८२ मध्ये क्रीडा विभागातून ब्रायंट गंबेल आले, आणि सकाळच्या मुख्य खुर्चीवर पहिल्यांदाच एक कृष्णवर्णीय माणूस बसला. पुढे याही सेटवर बैठकीचे कोच आले, दिवे मऊ झाले.

आणि १९८९ मध्ये खुर्चीनेच घात केला.

सप्टेंबरमध्ये डेबोरा नॉर्व्हिल बातम्या वाचायला आल्या. आधीचे वृत्तनिवेदक आपल्या वेगळ्या जागी बसत. नॉर्व्हिलना कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी गंबेल आणि पॉली यांच्या शेजारी मुख्य टेबलाशी बसवलं. खुर्ची काही फुटांनी सरकली, एवढंच. पण रोज सकाळी तेच तीन चेहरे बघणाऱ्यांना त्यातून जे वाचायचं ते त्यांनी वाचलं: तेरा वर्षं इथे असलेल्या बाईंना बाजूला सारतायत. पॉलींनीही तेच वाचलं असावं. त्यांनी जायचं ठरवलं आणि २९ डिसेंबर १९८९ ला निरोप घेतला. प्रेक्षक रागावले, संख्या घसरली. नॉर्व्हिल यांच्यावर तो राग निघाला, हे मला आजही अन्यायाचं वाटतं, कारण खुर्ची काही त्यांनी हलवली नव्हती.

१९९१ मध्ये नॉर्व्हिल बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी आलेल्या केटी कुरिक कायम झाल्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये कुरिक व्हाइट हाउसमध्ये बार्बरा बुश यांच्यासोबत थेट प्रक्षेपण करत होत्या. अचानक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश तिथे आले. ठरलेली मुलाखत नव्हती, हातात कागद नव्हता. कुरिक यांनी त्यांना तिथेच धरलं आणि वीसेक मिनिटं प्रश्न विचारले, अडचणीचेसुद्धा. पहिले तीन कुणासाठी राखून ठेवलेले नव्हते.

(दृश्य: २० जून १९९४. नव्या स्टुडिओच्या काचेला नाक लावलेली मुलं.)

१९९४ च्या जूनमध्ये 'टुडे' पुन्हा रस्त्यावर आला. स्टुडिओ वन-ए, ४९ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, जुन्या दालनापासून हाकेच्या अंतरावर. पुन्हा काच, पुन्हा फलक. गंबेल १९९७ मध्ये गेले, मॅट लाउर आले, आणि निवेदक खुर्ची सोडून रस्त्यावर जाऊ लागले, गर्दीत हात मिळवू लागले. १९९५ च्या अखेरीपासून सलग ८५२ आठवडे या कार्यक्रमाने प्रेक्षकसंख्येतला पहिला क्रमांक सोडला नाही.

त्या वर्षांतला एक दिवस वेगळा ठेवावा लागेल. कुरिक यांचे पती १९९८ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. मार्च २००० मध्ये कुरिक यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने होणारी तपासणी, 'टुडे'वर दाखवली. त्यानंतर देशभरात ही तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढली, आणि पुढे संशोधकांनी त्याची नोंद घेतली. निवेदकाचा पोशाख, केस, सेटचा रंग यांवर इतकं बोललं जातं. एका निवेदिकेने आपलं दुःख आणि आपलं शरीर लोकांच्या कामी आणलं, तो बदल मला या साऱ्या इतिहासात सर्वांत खोल वाटतो.

पुढचं लवकर सांगतो. २००६ मध्ये कुरिक गेल्या, मेरेडिथ व्हिएरा आल्या. २०११ मध्ये ॲन करी. साधारण वर्षभराने, २८ जून २०१२ ला, करींनी कोचावर बसून, डोळ्यांत पाणी आणून निरोप घेतला. ते बघवत नाही. प्रेक्षकांना पुन्हा १९८९ आठवलं. सव्हाना गथ्री आल्या, २०१३ मध्ये सेट नारिंगी झाला, बोधचिन्हातला उगवता सूर्य नुसत्या कमानींपुरता उरला.

(दृश्य: २९ नोव्हेंबर २०१७. टेबलाशी दोन स्त्रिया.)

त्या सकाळी सात वाजता लाउर यांची जागा रिकामी होती. कामाच्या ठिकाणच्या अनुचित लैंगिक वर्तनाच्या तक्रारीवरून एनबीसीने त्यांना काढल्याचं निवेदन गथ्री यांनी वाचलं. शेजारी होडा कोटबी होत्या. दोघींना धक्का बसलाय हे दिसत होतं, तरी कार्यक्रम झाला. २ जानेवारी २०१८ ला होडा यांची नेमणूक अधिकृत झाली आणि 'टुडे'च्या मुख्य टेबलाशी पहिल्यांदाच दोन स्त्रिया बसल्या. बातम्या, मुलाखती, पहिला प्रश्न, शेवटचा प्रश्न, सगळं दोघींचं.

होडा यांनी १० जानेवारी २०२५ ला कार्यक्रमाचा निरोप घेतला. १३ तारखेला क्रेग मेल्विन त्या खुर्चीत बसले, गथ्री यांच्या शेजारी. दुसऱ्याच दिवशी कार्यक्रमाला ७३ वर्षं पूर्ण झाली.